कंपनीच्या आरोग्य योजनेत येतं कोण?

तुमच्या ऑफिसात आरोग्य योजना असेल तर वर्षअखेरचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. भाग घेतलेल्यांच्या रजा कमी, औषधोपचाराचा खर्चही कमी. म्हणजे योजनेचा गुण आला! हे मान्य करण्याआधी एवढंच विचारा: भाग घेतला कोणी?

जो आधीपासून रोज सकाळी फिरायला जातो, तो सर्वांत आधी नाव नोंदवतो. ज्याची शुगर वाढलेली आहे, ज्याला रात्रपाळी आहे, ज्याला रिपोर्ट साहेबांच्या हाती पडण्याची धास्ती वाटते, तो मागे राहतो. दोन गटांत फरक पहिल्या दिवसापासूनच असतो. श्रेय मात्र योजनेला मिळतं. याला सेल्फ-सिलेक्शन बायस म्हणतात, म्हणजे आपणहून आलेल्यांमुळे निष्कर्षात शिरणारा दोष.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २०१६ मध्ये याची नीट परीक्षा झाली. सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांपैकी ३,३०० जणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून योजनेचं आमंत्रण दिलं. उरलेल्यांना दिलं नाही. भाग घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी तुलना केली तेव्हा योजना गुणकारी वाटली. पण आमंत्रण मिळालेला संपूर्ण गट आणि न मिळालेला संपूर्ण गट ताडून पाहिल्यावर वैद्यकीय खर्चात, आजारपणाच्या रजांत, जिमला जाण्यात ठळक फरक उरला नाही. भाग घेणाऱ्यांचा खर्च योजनेआधीच कमी होता! आरोग्य तपासणी करून घेणारे मात्र वाढले.

हा केवळ आकडेमोडीचा वाद नाही. चुकीच्या तुलनेतून ‘न येणारे आळशी’ असा समज पसरतो. तिथल्या २०१० च्या आरोग्य कायद्याने अशा योजनांसाठी विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा दिली. अशी सवलत बहुधा आधीच निरोगी असलेल्याच्या पदरात पडते आणि आजारी माणसाला विमा महाग पडतो.

योजना बंद करा, असं मी म्हणत नाही. पुढच्या वेळी तक्ता दाखवला, की भाग घेणाऱ्यांची आदल्या वर्षीची स्थिती विचारा. कोण आले नाहीत आणि का, तेही विचारा. तपासणी कामाच्या वेळेत ठेवा आणि रिपोर्ट फक्त त्या माणसाच्याच हातात द्या, असा आग्रह धरा. खरी गरज असलेला माणूस तेव्हाच येईल.