बेज हा काही व्हिसा नव्हे

एप्रिल उजाडला की आपल्या फोनवर तीच ती सूटकेस उघडायला लागते. आत दोन बेज पॅन्ट, एक पांढरा लिननचा शर्ट, एक काळा टॉप, ओट्सच्या रंगाचा स्वेटर, मातकट ट्रेंच कोट आणि पांढरेशुभ्र स्नीकर्स. दहा कपडे, तीस लूक, पंधरा दिवस युरोप. शेवटी प्रेमळ सल्ला: रंगीबेरंगी काही घेऊ नका, न्यूट्रल घ्या, म्हणजे टुरिस्ट दिसणार नाही. मग पुण्या-मुंबई-नाशकातल्या मुली मे महिन्याच्या उन्हात कणकेच्या रंगाचे कपडे शोधत दुकानं पालथी घालतात.

माझं भांडण बेजशी नाही. ज्याला आवडतो त्याने खुशाल घालावा. माझं भांडण त्या सल्ल्याशी आहे. तो स्वतःला पॅकिंगची टिप म्हणवतो आणि प्रत्यक्षात आपल्याला लाजायला शिकवतो.

आधी पॅकिंगचंच बघू, कारण या सल्ल्यातला खरा भाग तेवढाच आहे. चार टॉप आणि तीन पॅन्ट एकमेकांना जुळत असतील तर बारा जोड्या होतात. त्यात एक जॅकेट कधी घातलं, कधी काढलं, तर चोवीस. बॅग हलकी, फोटो वेगवेगळे. उत्तम. पण हे गणित जुळण्याचं आहे, बेजचं नाही. गडद निळा, डाळिंबी आणि मोहरीचा पिवळा घ्या. तेवढ्याच जोड्या होतील. शेवाळी, आमसुली आणि मोतिया घ्या, तरी तेवढ्याच. मी स्वतः निळीच्या रंगाची एक पॅन्ट, एक काळी, एक राखाडी आणि वर चार चांगले ठसठशीत कुर्ते घेऊन दोनदा जाऊन आले आहे. कुठेही अडलं नाही. उलट प्रवासात पांढऱ्या-बेजइतका गैरसोयीचा रंग दुसरा नाही. रोममध्ये जेलाटो ओघळतं, मेट्रोच्या सीटवर कोण बसून गेलंय माहीत नसतं, पाऊस विचारून येत नाही आणि हॉटेलच्या बेसिनमध्ये कॉफीचा डाग निघत नाही. निळ्या कुर्त्यावर हे सगळं खपून जातं.

म्हणजे सोय हे कारण नाही. मग कारण काय? विचारलं तर तीन उत्तरं मिळतात: फोटो चांगले येतात, टुरिस्ट दिसत नाही आणि क्लासी वाटतं. एकेक घेऊ.

फोटो. युरोप म्हणजे फिकट दगड, म्हणून कपडेही फिकट, असा हा हिशोब. पण व्हेनिसजवळच्या बुरानोमधली घरं पाहा. जांभळ्या घराला लागून केशरी, त्याला लागून हिरवं. लिस्बनच्या भिंतींवरच्या निळ्या फरश्या पाहा, कोपनहेगनच्या न्यूहाऊन बंदरावरची लाल-पिवळी रांग पाहा. आणि ज्या पांढऱ्या पुतळ्यांसमोर आपण पांढरे होऊन उभे राहतो, ते मुळात पांढरे नव्हतेच. ग्रीक आणि रोमन पुतळे रंगवलेले असत. शतकांच्या ऊन-पावसात रंग उडाला आणि उरलेला संगमरवर हाच अभिजात सौंदर्याचा नमुना मानला गेला. ही समजूत इतकी घट्ट होती, की १९३७-३८मध्ये ब्रिटिश म्युझियममधली पार्थेनॉनची शिल्पं अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी घासली गेली. दगडाचा मूळ पृष्ठभागच त्यात खरवडला गेला. फ्रान्समधल्या आमियाँच्या कॅथेड्रलवरही मध्ययुगात रंग होता. आता उन्हाळ्याच्या रात्री प्रकाशाचे झोत टाकून तो दर्शनी भागावर पुन्हा दाखवतात. म्हणजे फिकट युरोप हा निम्मा झीज झालेला युरोप आहे. त्याला मॅचिंग कपडे करण्याचा आपला उत्साह जरा अजबच म्हणायचा.

दुसरं उत्तर, टुरिस्ट न दिसण्याचं. आपण टुरिस्टच असतो, हे एक. आणि दुसरं असं, की आपल्या त्वचेचा रंग, आपलं मोठ्याने बोलणं, दर चौकात फोन फिरवून नकाशा सरळ करणं, हे ट्रेंच कोटाखाली झाकलं जात नाही. पॅरिसच्या मेट्रोतला खिसेकापू तुमचा कुर्ता कोणत्या रंगाचा आहे हे पाहत नाही; मागच्या खिशातला फोन आणि उघडी पर्स पाहतो. त्याच्यापासून वाचायचं असेल तर पर्स पुढे घ्या. एवढं साधं आहे.

तिसरं उत्तर मात्र गंभीर आहे, कारण खरी गोष्ट तिथे आहे. क्लासी.

आपल्याकडे साड्यांच्या दुकानात फिकट, धुवट छटांना ‘इंग्लिश कलर’ म्हणतात. दुकानदार गादीवर घडी उलगडताना सांगतो, ‘ताई, यात इंग्लिश कलर पण आहेत.’ त्या वाक्यात अख्खी उतरंड आहे. फिकट ते इंग्लिश, सोबर, शहरी. गडद ते भडक, गावठी. सावळ्या मुलीला लहानपणापासून ऐकवलं जातं की तुला राणी कलर शोभत नाही. आणि त्याच दुकानात लेगिंग मागितली की ‘स्किन कलर’ म्हणून जो फिक्का पिवळसर रंग समोर येतो, तो दुकानात उभ्या असलेल्या एकाही बाईच्या त्वचेचा नसतो. न्यूट्रल म्हणजे तटस्थ. पण ही तटस्थता कुणाच्या त्वचेवरून मोजली आहे, ते या लेगिंगकडे पाहून कळतं.

ही उतरंड युरोपात फार पूर्वी छापून आलेली आहे. ग्योथे हा थोर जर्मन कवी. १८१०मध्ये आलेल्या रंगांवरच्या ग्रंथात त्याने असं मत नोंदवलं, की रानटी जमाती, अशिक्षित माणसं आणि लहान मुलं यांना झगझगीत रंग फार आवडतात, आणि सुसंस्कृत माणसं कपड्यांत ते टाळतात. आजची रील हे इतकं उघड बोलत नाही. ती फक्त ‘एलिगंट’ म्हणते आणि मागे पियानो लावते.

माझी मावशी रिटायर झाल्यावर पहिल्यांदा परदेशी निघाली, एका ग्रुप टूरबरोबर, अकरा दिवसांसाठी. तिने आठवडाभर आधी कपडे काढून पलंगावर मांडले होते: चिंतामणी रंगाचा कुर्ता, रामा कलरची ओढणी, एक खणाचं जॅकेट खास शिवून घेतलेलं. तिच्या मुलीने एकेक उचलून बाजूला ठेवलं. ‘आई, तिथे हे चालत नाही गं.’ मावशीने विचारलं, ‘कुणाला?’ त्यावर मुलीकडे उत्तर नव्हतं. तरी खणाचं जॅकेट कपाटात परत गेलं आणि ऑनलाइन मागवलेले तीन बिस्किट कलरचे टॉप बॅगेत आले. टिटलिसच्या बर्फातल्या ग्रुप फोटोत मावशी कुठे आहे हे मला दोन बोटांनी झूम करून शोधावं लागलं. तिथून परत आल्यावर ती म्हणाली, ‘सगळं छान होतं. कपडे तेवढे माझे नव्हते.’

आता मला राग कशाचा येतो ते सांगते. मावशीच्या मुलीला आईची काळजी होती. तिचा हेतू वाईट नव्हता. पण तिला आईचे रंग ज्या युरोपासमोर लपवावेसे वाटले, तो युरोप एके काळी आपल्याच रंगांपायी वेडा झाला होता, हे तिला कुणी सांगितलंच नाही. आपल्या आजीच्या पिढीला ‘चिटाचं परकर-पोलकं’ हा शब्द माहीत होता. ते चीट, म्हणजे छापील किंवा हाताने रंगवलेलं सुती कापड, सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरून आणि गुजरातेतून जहाजं भरभरून युरोपात जात होतं. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा त्यातूनच आला. तुरटी आणि मंजिष्ठासारख्या मुळांतून काढलेला लाल रंग धुतला तरी जात नव्हता, आणि सुती कापडावर असा पक्का, नक्षीदार रंग चढवण्याची विद्या तेव्हा युरोपातल्या कारागिरांकडे नव्हती. मागणी इतकी वाढली की तिथले विणकर घाबरले. फ्रान्सने १६८६मध्ये या कापडावर बंदी आणली, ती १७५९पर्यंत टिकली. इंग्लंडने १७००मध्ये कायदा करून रंगीत भारतीय कापडाची आयात रोखली. तेवढ्याने भागलं नाही. १७१९मध्ये लंडनच्या रस्त्यांत विणकरांनी चीट घातलेल्या बायकांना गाठून त्यांचे कपडे फाडले, अंगावर शाई आणि तेजाब फेकलं. विणकरांच्या पोटावर पाय येत होता हे खरं. मार मात्र खाल्ला तो रंग आवडणाऱ्या बायकांनी. १७२१मध्ये कायदाच झाला की बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालायचं नाही. पुढे युरोप ते छापायला शिकला. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या बाजारात आजही त्या वळणाच्या कापडाला ‘अँदिएन’ म्हणतात, म्हणजे ‘भारतीय’. आपली मुलगी बेज घालून तिथे जाते आणि आठवण म्हणून तेच कापड युरो मोजून घेऊन येते.

आणि तिने घातलेली ती खाकी पॅन्ट? ‘खाक’ म्हणजे धूळ. १८४०च्या दशकाच्या अखेरीस पेशावरकडच्या एका पलटणीने, शत्रूला आपण दिसू नये म्हणून, धुळीच्या रंगाचे गणवेश घातले. तिथून तो रंग ब्रिटिश फौजेत आणि मग जगभर गेला. न दिसणं हे खाकीचं कामच होतं, कारण समोरून गोळी येत होती. सुट्टीवर गेलेल्या बाईला कोणाच्या गोळीची भीती आहे?

कुणी म्हणेल, बाई, साध्या कपड्यांवर किती बोलताय. साधेपणाला माझा विरोध नाहीच. १८८८च्या सप्टेंबरअखेर तरुण गांधी इंग्लंडच्या बंदरात उतरले. बोटीवर ते काळा सूट घालत, पण उतरताना पांढरे कपडे बरे दिसतील असं वाटून त्यांनी पांढरे फ्लॅनेलचे कपडे घातले. किनाऱ्यावर पाहतात तर तसे कपडे घातलेले ते एकटेच. बाकी सामान सोमवारपर्यंत मिळणार नव्हतं. आत्मकथेत त्यांनी हा संकोच मोकळेपणाने सांगितला आहे. त्रेचाळीस वर्षांनी, १९३१मध्ये, तेच गांधी पंचा नेसून आणि शाल पांघरून बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजाला भेटले. कपडे दोन्ही वेळा पांढरेच होते. पहिल्या वेळी ते लोकांना काय बरं दिसेल याच्या अंदाजाने निवडले होते, दुसऱ्या वेळी स्वतःच्या मनाने. मला एवढाच फरक महत्त्वाचा वाटतो.

मराठीत खरं तर ‘न्यूट्रल’ असा रंगच नाही. आपल्याकडे बदामी आहे, चंदनी आहे, मोतिया आहे, राखाडी आहे. प्रत्येक रंगाला कशाची तरी आठवण आहे. यातले हवे ते घ्या. सोबत आमसुली घ्या, अबोली घ्या, गुलबक्षी घ्या. तीन रंग एकमेकांना जुळतील एवढं बघा. पायात चालून चालून सवयीचे झालेले बूट घ्या, कारण दिवसाला पंधरा हजार पावलं होतात. एक मोठी सुती ओढणी घ्या. ती थंडीत गळ्याला, ट्रेनमध्ये उशीला आणि रोमच्या सेंट पीटर्समध्ये खांद्यांवर घ्यायला उपयोगी पडते. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. कपड्यांबद्दल तिथला नियम तेवढाच. रंगाबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही.

आणि मावश्यांच्या बॅगेला हात लावू नका.

शेंगेन व्हिसासाठी ९० युरो भरावे लागतात, आणि नाकारला तर ते परत मिळत नाहीत. बँकेची स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, विमा, हॉटेलचं बुकिंग, बोटांचे ठसे, सगळं द्यावं लागतं. त्या लांबलचक फॉर्ममध्ये तुमचे कपडे कोणत्या रंगाचे आहेत असा प्रश्न कुठेही नाही. त्यांनी विचारलेलंच नाही, तर आपण होऊन उत्तर कशाला द्यायचं?