रापणीची वाळू

मालवणात हल्ली एक वाक्य सर्रास कानावर येते : मासेमारीत काही राम उरला नव्हता, पर्यटन आले म्हणून गाव तरले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे तारकर्ली-देवबागला घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली, स्कूबाच्या होड्या लागल्या, मुंबईची गाडी पकडणारी पोरे गावात थांबली. हे सगळे खरे. बांगड्याच्या तिखल्यावर कुणा बाईने पोरांची शिक्षणे पुरी केली असतील, तर त्याला नाक मुरडणारा मी कोण?

पण मासेमारीतला राम आपसूक गेलेला नाही, तो लुटला गेला. पर्ससीन जाळी मासळीचे अख्खे थवे घेरून उचलतात. एलईडीच्या उजेडाला भुललेली मासळी खोल पाण्यातच गोळा होते आणि तिथेच धरली जाते. किनाऱ्याच्या वाट्याला काय उरणार? म्हणूनच २०१६ मध्ये राज्याला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली. ती नीट राबवा, एवढ्यासाठी पारंपरिक मच्छीमारांना पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली. अशा धंद्याला ‘संपलेला’ म्हणणे म्हणजे लुटणाऱ्याला मोकळे सोडणे.

आणि जाते आहे काय, तेही पाहा : रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे. रापणीची होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धगोलात जाळे सोडत पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून दोन रांगा ओढू लागतात. अंग मागे झुकलेले, टाचा वाळूत रुतलेल्या. मासळी वर आली की वाटे पडतात : जाळ्याचे, होडीचे, ओढणाऱ्या प्रत्येकाचे. ज्याच्याकडे ना होडी ना जाळे, तोही हक्काचा वाटा घेऊन घरी जातो. पर्यटनात होडी ज्याची, मिळकत त्याची, बाकीच्यांना रोजंदारी.

पर्यटनानेच सगळा घात केला, हेही मला मान्य नाही. पर्ससीन काही पर्यटकाने आणली नाही. मात्र रापण ओढायला सलग मोकळी वाळू लागते आणि त्याच वाळूवर आता खुर्च्या, तंबू, जलक्रीडेच्या होड्या येत आहेत. म्हणून मालवणच्या दांडी किनाऱ्यापासून देवबागपर्यंत रापणीच्या, होड्या लावायच्या आणि जाळी सुकवायच्या जागा नकाशावर आखून राखीव करा. त्यांना लागून कुठलाही पर्यटन परवाना द्यायचा तर आधी रापणकरांची संमती घ्या, तीही लेखी. ताज्या मासळीची पाटी लावून गिऱ्हाईक बोलावणाऱ्या हॉटेलवाल्यांनीच ही मागणी सर्वांत आधी करायला हवी.