परसबाग : गणपतीला घरचं फूल



न्यू जर्सीच्या एका भगिनी लिहितात, "बॅकयार्डात छोटंसं तळं केलंय. तीन वर्षांपूर्वी त्यात वॉटर लिली लावली. पानंच पानं येतात, फूल मात्र गेल्या वर्षी एकच आलं. यंदा गणपतीला घरचं कमळ वाहायचंय. काय करू?"

आधी एक खुलासा. लिली म्हणजे कमळ नव्हे, ती कुमुदाच्या कुळातली. कमळाची मोठी पानं पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी राहतात. लिलीचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते. बाप्पाला दोन्ही चालतील, असं आपलं आमचं मत!

फूल न येण्याची कारणं बहुधा तीनच : ऊन कमी, कुंडीत दाटी, नाहीतर उपासमार. दिवसाला निदान सहा तास ऊन हवंच. ते नसेल तर बाकीची मेहनत वाया. दाटी मोडायला वसंत ऋतू उत्तम. दोन-तीन वर्षांनी कुंडी बाहेर काढावी, कंद धुवावा, कोंब असलेला पाच-सहा इंचांचा तुकडा ठेवून जुना, कुजका भाग कापून टाकावा.

कुंडी खोल नको, पसरट हवी : १४ ते १६ इंच रुंद, सात-आठ इंच खोल. माती अंगणातलीच, जड, चिकट. नर्सरीतलं हलकं पॉटिंग मिक्स घेऊ नका; ते पाण्यात तरंगून वर येतं. हार्डी जातीचा कंद कुंडीच्या कडेला तिरपा लावायचा. कापलेलं टोक भिंतीला टेकलेलं, कोंब मध्याकडे आणि मातीच्या वर. कोंब गाडला तर कुजतो. वरून बारीक खडीचा थर द्या, पण कोंब मोकळा ठेवा. सुरुवातीला कुंडीवर सहा इंच पाणी पुरे. पानं वाढली की हळूहळू १२ ते १८ इंच खोल उतरवा.

आता खत. आपल्याकडच्या सवयीने कोणी शेणखत किंवा पेंड घालायला निघाले असतील तर थांबा! पाण्यात ते कुजतं, ऑक्सिजन खातं आणि बिचारे मासे जिवाला मुकतात. सुटं खत पाण्यात टाकलं तर लिलीऐवजी शेवाळ माजतं. पाणवनस्पतींसाठी खताच्या गोळ्या मिळतात, त्याच घ्या. साधारण एक गॅलन मातीला एक गोळी (पाकिटावरचं प्रमाण वाचा), कोंबापासून दूर, तीन-चार इंच खोल बोटाने दाबायची आणि भोक मातीने बुजवायचं. पाणी कोमट झालं की दर महिन्याला एकदा. लिली खादाड आहे. जुलै-ऑगस्टचा हप्ता चुकवलात तर भाद्रपदात फूल मागायला तोंड उरत नाही. ऑगस्टअखेर मात्र खत बंद. हिवाळ्यात कुंडी तळाशी ठेवा, कंद गोठता कामा नये.

हार्डी लिलीत आज गुलाबी, लाल, पिवळे रंग दिसतात, त्यांचं मोठं श्रेय फ्रान्सच्या लातूर-मार्लियाक यांना. त्यांनी संकर करून तयार केलेल्या लिली १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या होत्या. चित्रकार क्लोद मोने यांनी आपल्या तळ्यासाठी रोपं त्यांच्याकडूनच मागवली.

एक फूल तीन-चार दिवस टिकतं, पण दुपारनंतर मिटतं. म्हणून पूजेसाठी पहिल्या दिवशी उमललेलं, सकाळीच तोडा. संध्याकाळच्या आरतीपर्यंत उघडं हवं असेल तर पाकळ्यांच्या बुडाशी वितळलेल्या मेणाचे थेंब सोडतात.

उरलेले कंद शेजारीपाजारी वाटा, पण जवळच्या तळ्यात किंवा ओढ्यात टाकू नका. पूर्व किनाऱ्यावर मूळची असलेली सुवासिक पांढरी लिली वॉशिंग्टन राज्यातल्या तळ्यांत तण होऊन बसली आहे. आणि घरात लहान मुलं असतील तर तळ्याला कुंपण आधी, लिली नंतर. चार इंच पाणीही बाळाला धोक्याचं असतं.

तेव्हा भगिनी, याच वसंतात कुंडी उपसा. गणपतीला अजून अवकाश आहे.