भोंगा आणि पाव

माझे बालपण गोव्यात गेले. घरची भाषा कोंकणी, शाळेची मराठी. आमच्या वाड्यावर पहाट उजाडे ती पोदेराच्या भोंग्याने. सायकलीच्या मागे पावांची भली मोठी टोपली आणि पुढे रबरी फुग्याचा भोंगा. त्याचा आवाज कानी पडला की आई फडताळातले सुटे पैसे उचलून दाराशी जाई. त्या पोदेराने कधी भिंत रंगविली नाही, की वर्तमानपत्रात जाहिरात दिली नाही. त्याच्या जाहिरातीचा सारा खर्च म्हणजे तो एक भोंगा. मात्र आई दार उघडी ती पावासाठी. काल पाव ताजा होता, परवाही ताजा होता, एवढ्या अनुभवावर तो भोंगा चाले.

या आठवणीस निमित्त झाले ते आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' योजनेचा आरंभ केला, तेव्हापासून 'स्टार्टअप' हा शब्द आदिलाबादसारख्या कडेच्या जिल्ह्यातही रुळला आहे. कोणी कापसाच्या वाती विकू पाहतो, कोणी शिवणकाम, तर कोणी शिकवणीचे वर्ग मोबाइलवर चालवू पाहतो. त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "सर, जाहिरातीला पैसे नाहीत, ऑनलाइन गिऱ्हाईक कसे मिळवावे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे जे उत्तर मला सुचते ते येथे मांडतो. आणि ते मांडताना माझी स्वतःची एक चूकही सांगणे प्राप्त आहे.

अल्प खर्चाची प्रसिद्धी ही आजची कल्पना नव्हे. आपल्याच जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तत्पूर्वी मेसराम कुळातील मंडळी छकड्यातून गावोगाव फिरून जत्रेची वर्दी देतात. सांगणारा माणूस ओळखीचा, सांगणे खरे. म्हणून एवढी वर्दी पुरते.

उद्योगाच्या क्षेत्रातील दाखला हवा असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचा घ्यावा. त्यांनी १९०३ मध्ये बेळगावी लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे किर्लोस्करवाडीस कारखाना स्थिरावल्यावर १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे लहानसे मासिक काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावी, हा त्याचा मूळ हेतू. परंतु त्यात नुसती मालाची स्तुती छापली असती तर ते कोणी जपून ठेवले नसते. वाचण्याजोगा मजकूर असल्यामुळे ते महाराष्ट्रातील घराघरांत शिरले. गिऱ्हाइकास आधी काही उपयोगाचे द्यावे आणि मग आपल्या मालाविषयी बोलावे, ही रीत आज संगणकाच्या जगात नवी म्हणून शिकविली जाते. आपल्याकडे तिने शंभरी ओलांडली आहे.

आता आंतरजालाच्या आरंभकाळातील एक उदाहरण पाहू. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी 'हॉटमेल' ही विनामूल्य पत्रसेवा सुरू केली. या सेवेतून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, आपणही येथे विनामूल्य खाते उघडा, अशा अर्थाची एक ओळ जोडलेली असे. दीड वर्षाच्या आत लाखो लोक तिचे सभासद झाले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. त्या एका ओळीचे सर्वत्र कौतुक होते. पण ती ओळ एका मित्राने दुसऱ्या मित्रास लिहिलेल्या खऱ्या पत्राखाली असे. पत्र पोहोचले, सेवा चालली, म्हणून ओळीवर विश्वास बसला. येथेही आधी पाव होता, मग भोंगा.

हे सारे मला ठाऊक असूनही मी चुकलो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने, त्याच्या आईच्या बचतगटाने केलेले मोहाच्या फुलांचे लाडू ऑनलाइन विकावयास काढले. ज्याला येथील तेलुगू भाषिक 'इप्पपुव्वू' म्हणतात तेच हे फूल. वाळवलेली फुले, तीळ, शेंगदाणे आणि गूळ. पदार्थ उत्तम आणि आपल्या रानातला. पहिल्या पंधरवड्यात मागणी जवळजवळ आली नाही. तेव्हा मुलगा म्हणाला, "सर, सर्वांनी मिळून चांगले अभिप्राय लिहिले तर?" मी होकार दिला. इतकेच नव्हे, तर लाडू चाखलेलाही नसताना स्वतः पाच तारे देऊन चार अलंकारिक ओळी लिहिल्या आणि वर्गातील मुलांनाही लिहावयास सांगितले. एका सायंकाळी पस्तीस-चाळीस अभिप्राय जमले. त्यास मी 'प्रोत्साहन' असे गोंडस नाव दिले होते.

मागणी आली. ऐन मे महिन्यात लाडू हैदराबादेस गेले आणि उन्हाने शेंगदाणा खवट झाला. एका बाईंनी लिहिले, "लाडू खवट निघाले. एकाच दिवशी लिहिलेली ही स्तुती कोणाची?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. लाडू खवट होणे ही चूक सुधारता येण्याजोगी होती. परंतु खोट्या स्तुतीमुळे आमच्या खऱ्या क्षमायाचनेवरही कोणी विश्वास ठेवीना. बचतगटातल्या ज्या बायांनी पहाटे उठून फुले वेचली होती, त्यांच्या प्रामाणिकपणास माझ्या लेखणीने डाग लावला. हे मला आजही बोचते.

आम्ही ते अभिप्राय काढून टाकले, पैसे परत केले आणि काय घडले ते पानावर स्पष्ट लिहिले. शेंगदाणा कमी केला, डब्यावर तयार केल्याची तारीख घातली आणि उन्हाळ्यात दूरगावी माल न पाठविण्याचे ठरविले. विक्री थोडी आहे; पण जे मागवितात ते पुन्हा मागवितात. ज्यांनी तक्रार केली त्या बाईंच्या एका पत्राने आम्हांस जे शिकविले, ते चाळीस स्तुतींनी शिकविले नव्हते.

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आय. एस. १९००० : २०२२' हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत, याचे नियम त्यात आहेत. ते ऐच्छिक म्हणून जाहीर झाले. परंतु सरकारास असे मानक आखावे लागले, यावरूनच खोट्या स्तुतीचा रोग किती पसरला आहे ते दिसते.

मग भांडवल नसलेल्याने करावे तरी काय? माझ्या मते, प्रथम वीस माणसांना माल वापरावयास द्यावा आणि त्यांचे म्हणणे मुकाट्याने ऐकावे. गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाचे नाव, वेळ आणि पत्ता विनामूल्य नोंदविता येतो. तो बिनचूक नोंदवावा. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक आवृत्तीत मालाची सूची मांडता येते. तेथील प्रसारण-यादीतून धाडलेला संदेश, ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे, त्यालाच पोहोचतो. मला ही व्यवस्था फार अर्थपूर्ण वाटते : ज्याने दार उघडे ठेवले आहे, त्याच्याच दाराशी भोंगा वाजवावा. शिवाय आपला जिल्हा बहुभाषी आहे. तेलुगू, मराठी, गोंडी, हिंदी, उर्दू या भाषा येथील बाजारात एकाच सकाळी कानी पडतात. गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत दोन ओळी लिहिण्यास पैसा लागत नाही.

आणि आपले काम जसे आहे तसे दाखवावे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील उशेगाव आणि केसलागुडा येथील ओझा कारागिरांच्या डोकरा कलेस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मेणाची आकृती करून तीवर मातीचा लेप चढवितात. मेण वितळून गेले की त्या पोकळीत पितळेचा रस ओततात, आणि साचा फोडून मूर्ती बाहेर काढतात. प्रत्येक साचा फुटतो, म्हणून एकीसारखी दुसरी मूर्ती निघत नाही. ही कृती साध्या मोबाइलवर चित्रित करून दाखविली तर तिच्यापुढे विकत घेतलेली कोणती जाहिरात टिकेल?

कोणी म्हणेल, हा उपदेश वर्गात शोभतो. बाजारात सारेच आरडाओरडा करतात, तेथे खरे बोलणाऱ्याचा आवाज कोण ऐकणार? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. खरेपणाचा मार्ग संथ आहे, आणि ज्याच्या डोक्यावर व्याजाचे कर्ज आहे त्याला दोन वर्षे थांबणे परवडत नाही. म्हणूनच आरंभ लहान असावा, मागणीइतकाच माल करावा, आणि जाहिरातीसाठी कर्ज तर कदापि काढू नये. तथापि एक भेद ध्यानी घ्यावा. मोठ्या कंपनीची अब्रू गेली तर ती नव्या जाहिरातींचा पूर लोटून लोकांना जुने विसरावयास लावू शकते. लहान माणसापाशी तो पैसा नाही. त्याचे नाव हेच त्याचे भांडवल. ते एकदा बुडाले की दुसरे कोठून आणणार?

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या असा उद्योग काढतील. तुमचे आईवडील, शेजारी आणि शिक्षक प्रेमापोटी तुमची खोटी स्तुती करावयास तयार होतील. त्यांना नम्रपणे सांगा : "आधी घेऊन पाहा, मग जे वाटेल ते लिहा." आणि पालकांना माझी विनंती, की मुलाच्या पानावर तारे देण्यापूर्वी त्याचा माल एकदा पैसे देऊन विकत घ्यावा आणि त्यातील उणे त्याला घरीच सांगावे. मी ते केले असते, तर तो खवट लाडू हैदराबादेस जाण्याआधी माझ्याच तोंडात आला असता.