आकडा कळला, संबंध कुठे कळला?

घाटकोपर पूर्वचे आमदार पराग शहा यांनी २०२४च्या विधानसभा निवडणुकीत सुमारे ३,३८३ कोटींची मालमत्ता जाहीर केली. २०१९मध्ये तीच पाचशे कोटींच्या घरात होती. आपण त्या आकड्यावर भरपूर बोललो आणि खरा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

शहा हे मॅन इन्फ्राकन्स्ट्रक्शनचे संस्थापक. बंदरांच्या कामांपासून निवासी टॉवरपर्यंत कंपनीचा पसारा. २०१० साली ती शेअर बाजारात आली. २०१७मध्ये शहा नगरसेवक झाले आणि २०१९मध्ये भाजपने प्रकाश मेहतांचं तिकीट कापून त्यांना उभं केलं. मेहता सहा वेळा निवडून आलेले. त्यांच्या समर्थकांनी शहांच्या गाडीवर राग काढला.

उद्योजकाने राजकारणात येऊ नये, असं मी म्हणणार नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर खाणमालकच होते, आणि कसणाऱ्या कुळांना संरक्षण देणारा १९६४चा कूळ कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला.

पण मुंबईत जमिनीचं मोल सरकारी नियमांवर ठरतं. चेंबूरमध्ये टिळकनगर, सुभाषनगरसारख्या म्हाडा वसाहतीत पुनर्विकासाची सभा भरली की लोक विचारतात: घराचं कार्पेट क्षेत्रफळ किती वाढवून देणार, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, सोसायटीला कॉर्पस निधी किती? बिल्डर सांगतो, विकास नियमावलीच्या ३३(५)खाली एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र, एवढा, सरकारला भरायचा प्रीमियम एवढा, त्यात इतकंच बसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वेगळी खोली मिळणार की नाही, ते त्या हिशोबावर ठरतं. जानेवारी २०२१मध्ये राज्य सरकारने बांधकामाचे प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणले. शहा तेव्हा विरोधी बाकांवर होते; तो निर्णय त्यांचा नव्हता, आणि माझा रोखही त्यांच्यावर नाही. मात्र असा विषय सभागृहात निघाला, की बोलणाऱ्या आमदाराच्या स्वतःच्या कंपनीचं त्यात काय गुंतलंय, हे ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे कळलं पाहिजे.

सध्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र भरायचं ते निवडणुकीपुरतं, तेही २००२-०३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यामुळे. सरकारी कंत्राट चालू असलेल्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ अपात्र ठरवतं. खासगी सोसायटीचा पुनर्विकास हे सरकारी कंत्राट नव्हे, त्यामुळे मुंबईतला एवढा मोठा धंदा या कलमाच्या बाहेरच राहतो.

राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. आमच्या आमदारांची तशी नोंदवही, कंपन्यांच्या आणि चालू प्रकल्पांच्या नावांसकट, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता आली पाहिजे. एफएसआयवर बोलायला उठणाऱ्याने आधी आपला संबंध सांगावा, आणि मतदान असेल तर बाजूला बसावं. असं अशासकीय विधेयक शहांनी स्वतः मांडावं. बांधकाम धंद्याच्या खाचाखोचा त्यांना आतून ठाऊक आहेत. पळवाटा कुठे राहतील, हे त्यांच्याइतकं सभागृहात फार थोड्यांना सांगता येईल.