बायोटेकची पदवी मिळाली, पण हात कधी तयार होणार?

"डॉक्टर, मुलीचं बी.एस्सी. बायोटेक झालं. आता एम.एस्सी. करू दे, की नोकरी बघू दे?" रक्तदाब तपासून झाला की बरेच पालक मला हा प्रश्न विचारतात. मी फिजिशियन आहे, करिअर सल्लागार नाही. तरीही या विषयावर माझं ठाम मत आहे. कारण हा प्रश्न जितका त्या मुलीच्या नोकरीचा आहे, तितकाच तुमच्या-माझ्या औषधांचा आहे.

तुमचं इन्सुलिन कोण बनवतं?

पूर्वी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला परवानगी मिळाली आणि चित्र बदललं. माणसाच्या इन्सुलिनचा जीन जिवाणूत घालायचा, ते जिवाणू मोठ्या टाक्यांत वाढवायचे, मग इन्सुलिन वेगळं काढून शुद्ध करायचं आणि निर्जंतुक बाटल्यांत भरायचं. आज अनेक लसी आणि कॅन्सर, संधिवातावरची कितीतरी इंजेक्शनं अशाच जैविक पद्धतींनी बनतात.

यंत्रं आहेत, संगणक आहेत. पण वजन करणं, द्रावण बनवणं, नमुना काढणं, टाकी नीट धुतली गेली का ते पाहणं आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणं, हे शेवटी माणसंच करतात. त्यातले बरेच जण तुमच्या-आमच्या घरातले विज्ञान पदवीधर असतात.

छोटी चूक किती मोठी असते?

मधुमेहींना हे लगेच समजेल. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. पेनमधलं इन्सुलिन साधारणपणे १०० युनिटचं असतं. १०० युनिटचं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या ४० च्या सिरिंजमध्ये ओढलं, तर डोस अडीचपट जातो आणि साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. घरातल्या एका सिरिंजची ही गोष्ट. कारखान्यात तयार होणारी एक बॅच हजारो लोकांपर्यंत जाते.

मुंबईने अशी किंमत मोजलेली आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं विष होतं. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. केवळ प्रशिक्षणाने ते मृत्यू टळले असते असं मी म्हणणार नाही, त्यामागे भ्रष्टाचार आणि बेफिकिरीही होती. पण रसायन रुग्णाच्या पोटात जाण्याआधी ते तपासणारा हात आणि "हे चालणार नाही" म्हणणारा माणूस जागेवर असावाच लागतो. तो माणूस तयार करावा लागतो.

कॉलेजात काय शिकवतात, काय राहून जातं?

डीएनएची रचना, पीसीआरचं तत्त्व, प्रतिपिंडं कशी काम करतात, हे सगळं बी.एस्सी.ला शिकवतात. पण अनेक ठिकाणी प्रॅक्टिकल म्हणजे एका टेबलाभोवती दहा जण आणि पिपेट एकाच्या हातात. बाकीचे जर्नल उतरवतात.

कामाच्या जागी मात्र वेगळंच विचारतात. मायक्रोपिपेटने दहा वेळा मोजलं तर दहाही वेळा तेवढंच येतं का? निर्जंतुक खोलीत जाताना गाऊन, हातमोजे कोणत्या क्रमाने घालायचे? ठरलेली लेखी पद्धत, म्हणजे एसओपी, पायरी न गाळता पाळता येते का? नोंदवहीत चूक झाली तर व्हाइटनर लावायचा नाही. एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख टाकायची. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं या क्षेत्रात मानतात. आमच्या केसपेपरलाही हाच नियम लागू आहे.

एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झाल्यावर आम्हाला एक वर्ष इंटर्नशिप करावी लागते, ती केल्याशिवाय कायमची नोंदणी मिळत नाही. पुस्तक पाठ असलेल्या मुलाच्या हातात आपण थेट रुग्ण देत नाही. मग औषध बनवणाऱ्या पदवीधराला ही इंटर्नशिप का नसावी?

अमेरिकेत काय करतात?

तिथे कम्युनिटी कॉलेज नावाची सरकारी मदतीवर चालणारी, कमी फीची स्थानिक कॉलेजं असतात. टेक्सासमधलं ऑस्टिन आणि विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन इथल्या अशा कॉलेजांनी विज्ञानाची पदवी आधीच घेतलेल्यांसाठी बायोटेकचे छोटे सर्टिफिकेट कोर्स काढले. सर्वसाधारण विषय पुन्हा शिकवत नाहीत. भर प्रयोगशाळेतल्या कामावर, पेशी वाढवण्यावर, गुणवत्तेच्या नियमांवर. नॉर्थ कॅरोलायनात तर औषध कारखान्यांच्या गरजेवरून 'बायोवर्क' हा सुमारे १३० तासांचा कोर्स कम्युनिटी कॉलेजांतून चालतो, त्याला पदवीसुद्धा लागत नाही.

याने कोणी शास्त्रज्ञ होत नाही. तंत्रज्ञाची पहिली नोकरी मिळण्याची तयारी होते, एवढंच. आणि जवळपास कंपन्या असतील तरच त्याचा उपयोग. पण ही "एवढंच" गोष्ट आपल्या मुलांना मिळत नाही.

आपल्याकडे अडतं कुठे?

परळच्या हाफकिन संस्थेची मुळं १८९९ पर्यंत जातात, पुण्यात १९६६ पासून सीरम इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे काम आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पदवीधरांना सहा महिने कंपनीत विद्यावेतनावर शिकवण्याचा कार्यक्रमही राबवला. यूजीसीने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. पण लातूर-नांदेडच्या साध्या कॉलेजातल्या मुलीपर्यंत यातलं काय पोचतं, हे तुम्हीच आजूबाजूला बघा.

दुसरी अडचण आपल्या मनात आहे. "पदवी झाली, आता काय आयटीआयसारखं हाताचं काम शिकायचं?" म्हणून मुलं आणखी एक पदवी घेतात, तीही बऱ्याचदा तशाच एका टेबलाभोवती दहा जणांच्या प्रयोगशाळेत. संशोधनाची आवड असेल तर एम.एस्सी., पीएच.डी. जरूर करावी. केवळ नोकरी मिळत नाही म्हणून एम.एस्सी. करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फी भरण्याआधी एवढं विचारा

बाजारात "शंभर टक्के नोकरी" म्हणणारे क्लासही आहेत. म्हणून:

- एका मुलामागे प्रयोगशाळेत किती तास मिळतात? उपकरण स्वतः हाताळायला मिळतं का?
- शिकवणाऱ्यांपैकी कोणी उत्पादन किंवा गुणवत्ता विभागात काम केलं आहे का?
- कंपनीत प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे का? किती आठवडे?
- मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत? दोघा-तिघांशी बोलू देतात का?

या प्रश्नांना गोलगोल उत्तरं मिळाली, तर पैसे खिशातच ठेवा.

आणि तुमच्या घरात कोणी या क्षेत्रात नसलं, तरी गावातल्या कॉलेजच्या संचालकांना, आमदारांना हे विचारायला हरकत नाही: आपल्या विज्ञान पदवीधरांना सहा महिने हाताने काम शिकता येईल अशी एक चांगली प्रयोगशाळा जिल्ह्यात का नाही? उद्या तुमच्या नातवाला टोचली जाणारी लस त्यांच्यापैकीच कोणीतरी तपासणार आहे.