पेटीवरचे पहिले गाणे

हार्मोनियमची पेटी सुशिक्षित कुटुंबांत मोठ्या हौसेने विकत घेतली जाते आणि वर्षाच्या आत मुकाट्याने कपाटावर चढविली जाते. मग घरची माणसे एकमताने निकाल देतात की, 'आपल्या घरात गाण्याचे अंगच नाही.' हा निकाल अन्यायाचा आहे. दोष बहुधा अंगाचा नसतो. पहिल्या गाण्याच्या निवडीचा असतो.

नवी मुंबईचेच उदाहरण घ्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू वाशीस असताना येथील मनुष्याने घरी एकट्याने पेटी का शिकावी, असे कोणी विचारील. त्याने हार्बर मार्गाच्या गाडीत संध्याकाळी उभ्याने प्रवास करून पाहावा. रात्री साडेआठास घरी पोहोचणाऱ्यास वर्गाची वेळ साधत नाही. जेवणापूर्वीचा अर्धा तास तेवढा त्याच्या मालकीचा. स्वयंशिक्षण हा त्याचा अहंकार नव्हे, निरुपाय आहे. पण समोर गुरू नाही म्हणजे चूक दाखविणारे कोणी नाही. तेव्हा ते काम गाण्यानेच केले पाहिजे.

आणि तो निवडतो काय? एखादे गाजलेले नाट्यपद, शब्दांखाली पट्ट्यांचे आकडे मांडलेले! त्या पदाचे वैभव मींडेत आणि मुरकीत. पेटीस तर दोन स्वरांमधली वाट दाखविताच येत नाही. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली तेव्हा आक्षेपकांचा एक मुद्दा हाच होता. १९७१ पासून ती बंदी सैल झाली, पेटीचा स्वभाव मात्र तोच राहिला.

आकड्यांवर विसंबणाऱ्यांनी एक साधा प्रयोग करावा. काळी तीन हा षड्ज धरून पाचही काळ्या पट्ट्या क्रमाने वाजवाव्यात. भूपाचे स्वर उमटतील. आता त्याच पाच पट्ट्या काळी एक हा षड्ज धरून वाजवाव्यात. स्वर दुर्गेचे होतील. पट्ट्या त्याच, आकडे तेच, राग निराळा! उलट पांढरी एक हा षड्ज मानला, तर तोच भूप एकाही काळ्या पट्टीस न शिवता वाजतो. मग आकडे पाठ करणाऱ्याने नेमके काय पाठ केले? संगीत षड्जाशी असलेल्या नात्यात आहे. पट्टीच्या क्रमांकात नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, पहिली चीज थोड्या स्वरांची असावी, अर्ध्या तासात अथपासून इतिपर्यंत वाजविता यावी, आणि मुख्य म्हणजे ती आधी कंठात असावी. लहानपणापासून म्हटलेली गणपतीची आरती घ्या. एक स्वर चुकला की कान तत्काळ हरकत घेतो. तिच्या जोडीस भूपाची एखादी लहान सरगम असावी. पंडित भातखंडे यांनी आपल्या क्रमिक पुस्तकमालिकेत सरगमी दिल्या, त्या काही पाने भरण्यासाठी नव्हेत. जे वाजवावयाचे ते प्रथम गावे, मग वाजवावे, आणि शेवटी षड्ज बदलून पुन्हा वाजवावे. तिसरी पायरी जमली नाही, तर चीज बोटांना आली, आपल्याला आली नाही, असे खुशाल समजावे.

यावर दोन बाजूंनी हल्ला होईल. शास्त्राभिमानी म्हणतील, 'वर्षभर केवळ अलंकार घोटा.' गुरूच्या धाकात ते चालते. दमून आलेल्या एकट्या माणसास त्याने गाण्याचा वीट येतो. रसिक म्हणतील, 'आवडीचे गाणे नाही, तर शिकावयाचे कशाला?' आवड हवीच. परंतु आवडत्या पदाचे दररोज विद्रूप ऐकणे हा आवड जगविण्याचा मार्ग नव्हे. त्या पदास दोन वर्षे थांबू द्या. ते कोठे पळून जात नाही.

कपाटावरची पेटी खाली काढावी, भाता झटकावा आणि आज आरतीची पहिली ओळ तेवढी वाजवावी. घरात गाण्याचे अंग आहे की नाही, याचा निकाल त्यानंतर द्यावा.